दगडाखालचा कोळसा

मातीला ऊन आठवतं, असं नीलांबिका उस्तुरे प्रशिक्षणवर्गाच्या पहिल्याच तासाला सांगायची. नवी भरती झालेली पोरंपोरी ते लिहून घेऊ लागली की म्हणायची, "खोडा आता. आठवत-बिठवत काही नाही. माती अंधार मोजते."

मग ती समजावून सांगे. मातीत खनिजांचे बारीक कण असतात. भोवतालच्या जमिनीतून अगदी क्षीण किरणोत्सार सतत चालू असतो. तो हे कण शोषत राहतात आणि ती ऊर्जा आपल्या स्फटिकात अडकवून ठेवतात. कणावर ऊन पडलं की साठवलेलं सगळं निसटून जातं. कण पुन्हा झाकला गेला की साठा शून्यापासून सुरू. म्हणजे ज्याचा साठा मोठा, तो कण जास्त काळ अंधारात. पूर्वी हे मोजायला मातीचा नमुना काळ्या डबीत बंद करून प्रयोगशाळेत न्यावा लागे आणि महिनोन्‌महिने वाट बघावी लागे. आता बोटाएवढ्या सळईच्या टोकाला प्रकाशतंतू बसवला होता. सळई जमिनीत शिरे, एका रंगाचा प्रकाश टाकी, कण दुसऱ्या रंगात मंद चमकून उठत, आणि त्या चमकेवरून यंत्र सांगे की इथल्या मातीने शेवटचं ऊन अमुक सुमाराला पाहिलं. सरकारी कागदात त्याचं नाव प्रकाशकालमापक होतं. गावोगावी त्याला मातीघड्याळ म्हणत.

त्या घड्याळाचा पहिला उपयोग बांधांसाठी झाला. जुने नकाशे कागदावर होते, आणि कागदावरची बारीकशी रेघ जमिनीवर आणली की दोन-तीन हात जाडीची होई. भांडणं त्या जाडीत राहत. नंतर आकाशातून नकाशे काढले, पण त्यांनी बांध दिसले तिथे दाखवले, मुळात कुठे होते ते त्यांना कळत नव्हतं. मातीघड्याळाला कळत होतं. नांगर पोहोचत नाही तेवढ्या खोल, जुन्या बांधाच्या पायाची आणि हद्दीच्या दगडाच्या खड्ड्याची माती आपापली तारीख धरून बसलेली असते. म्हणून कायदा झाला: जी सगळ्यांत जुनी हद्द सापडेल ती खरी. कायद्याचा मसुदा करणाऱ्या गटात नीलांबिका होती. नंतरची हद्द कायम ठेवायची असेल तर दगड कुणी हलवला आणि का हलवला, ते चारचौघांत सांगायचं आणि ते कारण नकाशावर त्या रेघेला कायमचं जोडायचं, हे कलम तिनेच सुचवलेलं. आणि हलवणारा जर सरकारी मोजणीदार निघाला, तर त्याने आयुष्यात मोजलेला प्रत्येक गट फेरतपासणी होईपर्यंत पिवळा करायचा, म्हणजे व्यवहार बंद, हेही तिचंच. बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं की हे जरा जास्तच कडक होतंय. तिने उत्तर दिलं होतं, "माझे वडील मोजणीदार होते. त्यांना हे पटलं असतं."

वडील तेव्हा होते.

*

अप्पा, तिचे वडील, लिंगैक्य होऊन दोन महिने होत नाहीत तोच मोजणीचा क्रम हिंगणवाडीवर आला. आपल्या गावात आपण मोजायचं नाही हा नियम, म्हणून यंत्र घेऊन तौफिक शेख आला होता, तिच्याच वर्गात शिकून गेलेला. नीलांबिका खातेदार म्हणून बांधावर उभी राहिली. ओढ्याकडचं हे रान अप्पांनी हयातीतच तिच्या नावावर केलं होतं, आणि गावाजवळचं शरणच्या. शरण तिचा धाकटा भाऊ. उदगीरला त्याचं मोटारपंपांचं दुकान होतं आणि शेवटची दोन वर्षं अप्पांचं सगळं त्याने आणि त्याच्या बायकोने केलं होतं. नीलांबिका पुण्याहून पोहोचली तेव्हा समाधीचा खड्डा खणून तयार होता.

तौफिकने यंत्राची तिकाटणी रोवली आणि तिथेच घुटमळला.

"काय झालं?"

"मॅडम, ओळखीची माती लागेल."

ते तिला सांगायची गरज नव्हती. प्रत्येक रानातला किरणोत्सार थोडा वेगळा, म्हणून आधी अशी जागा लागते जिथल्या मातीची तारीख पक्की ठाऊक आहे. तिच्यावर यंत्र लावून घ्यायचं आणि मग अनोळखी मातीकडे जायचं. कुठे विहिरीचं बांधकाम असतं, कुठे कालव्याचा भराव. या रानात तसं काही नव्हतं. लिंबाखाली अप्पांची समाधी होती, तेवढीच.

"तिथली घे," ती म्हणाली. "वरच्या ढिगातली नको. कडेनं, हातभर खाली."

तौफिकने चपला काढल्या, मग सळई उचलली. शरण तोंड फिरवून उभा राहिला. पडद्यावर नवी माती पांढरी दिसते आणि जितकी जुनी तितकी निळी, मग काळी. लिंबाखाली पांढरा चौकोन उमटला. यंत्राने साल बरोबर सांगितलं, महिनाही. दिवस सांगण्याइतकं ते अजून बारीक झालं नव्हतं. दिवस तिला माहीत होता.

बाकीचं काम दुपारपर्यंत चाललं. अप्पा शिकवायचे: आधी गाव, मग गट, मग बांध. मोठ्या त्रिकोणांत सगळं क्षेत्र आधी जखडून घ्यायचं आणि मग आत शिरायचं. उलटं केलं तर बारक्या चुका एकमेकींच्या खांद्यावर चढत जातात आणि शेवटी नकाशाची दोन टोकं जुळत नाहीत. तौफिकने तसंच केलं, आणि त्रिकोण जुळल्यावर ओढ्याच्या कोपऱ्यात एक गोष्ट जुळली नाही. हद्दीचा दगड आज जिथे होता, तिथून तीन हात पूर्वेला एक जुना बुजवलेला खड्डा पडद्यावर निळा दिसत होता. एका टोकाचा दगड सरकवला की सरळ रेघ तिरकी होते. उस्तुऱ्यांच्या रानातला पाचरीसारखा एक तुकडा केंद्र्यांच्या रानात गेला होता.

"चाळीसेक वर्षं झाली असतील," तौफिक म्हणाला.

शरणला तेवढं पुरलं. केंद्र्यांची सोनाबाई पलीकडे लिंबोण्या गोळा करत होती. नवरा गेलेला, मुलगा नांदेडला. हे दोघं लहानपणापासून तिला काकू म्हणत.

"काकू, ऐकलं का? बांध कोरून खाल्ला म्हणे तुमच्या लोकांनी. चाळीस वर्षं आमच्या रानातली तूर गोड लागली ना?"

"शरण," नीलांबिका म्हणाली.

"शरण काय अक्का? मोजणीदाराच्या रानात चोरी. अप्पा जगाचे बांध नीट करत फिरले अन् घरचा असा."

सोनाकाकूने फांदी हातातून सोडली. तिने शरणकडे पाहिलं, मग लिंबाकडे. "मशीन म्हणतंय तर असंल बाबा," ती म्हणाली. "घे तुझं तू." आणि टोपली कमरेवर घेऊन चालू लागली.

"बघ. एका शब्दानं न्हाई म्हणाली का?" शरण म्हणाला. त्याला राग होता तसा आनंदही झाला होता. समाधीवर काळ्या दगडाचा कट्टा बांधायचा, भोवती फिरायला जागा ठेवायची, हे त्याने ठरवून टाकलं होतं. दगडही येऊन पडले होते. पूर्वेकडे जागा कमी पडत होती. ती आता आपोआप मिळत होती.

नीलांबिका पडद्याकडे बघत होती. पाचरीच्या आत, सरकवलेल्या दगडाजवळ, आणखी एक फिकट निळा डाग होता. अप्पांच्या पांढऱ्या चौकोनापासून फार लांब नाही. लांबीला दीड हात असेल नसेल.

"हे काय?"

"झाडाचा खड्डा असेल, मॅडम. दगड हलायच्या थोडा आधीचा दिसतोय."

झाडाचा खड्डा गोल असतो.

*

सकाळी ती एकटीच पहार घेऊन गेली. हद्द बदलायची म्हणजे आजचा दगड उपटावा लागणार होता, आणि तो परक्याच्या हाताने उपटला जाण्याआधी एकदा बघावा असं तिला वाटलं.

लहानपणी सुट्टीत अप्पा तिला मोजणीला न्यायचे. साखळीचं एक टोक धरायला द्यायचे आणि दगड रोवायची वेळ आली की जवळ बोलवायचे. खड्डा खणला की तळाशी आधी विझलेल्या कोळशाचा थर, त्यावर फुटकी खापरं, मग दगड. दगड रात्रीत उचलून नेता येतो, ते म्हणत, खालचा कोळसा कोण उचलणार? कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. दगड गेला तरी खूण राहते. दगड चोरणाऱ्याला हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी तो कशाला त्या भानगडीत पडेल.

तिने आधी पूर्वेकडचा जुना खड्डा उकरला. कमरेएवढ्या खोलीवर काळा थर लागला. हा सरकारी दगडाचा. बरोबर होतं.

मग ती आजच्या दगडाकडे आली. बाजूने खणत गेली, पहार आत घातली, दगड कलता केला. खाली हात घालून माती बाहेर काढली. काळी माती, खापराचे तुकडे, आणि मग बोटं काळी करणारा, चुरा होणारा कोळसा. नीट पसरलेला, कडेपर्यंत.

ती तिथेच बसली. ज्याने हा दगड इथे आणला, त्याला काळोखात, घाईत, कुणी बघू नये अशा वेळीसुद्धा कोळशाशिवाय दगड ठेवता आला नव्हता. गावात असा एकच माणूस होता.

*

सोनाकाकू अंगणात ज्वारी पाखडत होती. नीलांबिकाने आपले काळे हात पुढे केले. काकूने ते बघितले आणि सूप खाली ठेवलं.

"उकरलंस व्हय."

"काकू, तिथं काय आहे?"

काकू बोलली ती एखाद्या दुसऱ्या बाईची हकिकत सांगावी तशी.

"पहिलं लेकरू माझं. आठ-दहा दिवसाचं असंल. त्या वर्षी ओढा असा फुगला होता की आमच्या रानात गुडघाभर पाणी. लहान लेकराला जाळीत न्हाईत, मातीत द्यावं लागतं, अन् कोरडी माती तुमच्याच कडंला तेवढी होती. तुझ्या अप्पांना इचारलं. ते म्हणाले, इचारायचं काय त्यात. सोता खांदून दिलं."

"मग?"

"मग काय. मी रोज जायची. बांधापतूर. पुढं पाय घालत नव्हते. दुसऱ्याच्या रानात कसं बसावं रडत? कुणी काय म्हणंल. तुझ्या अप्पांनी दोन-चारदा बघितलं मला तशी बांधाला उभी. एकदा म्हणाले, वहिनी, आत या, बसा, कोण अडवतंय? मी न्हाई गेले. तुम्ही बसा म्हणलं म्हणून बसायचं, ते काय बसणं झालं?"

तिने सुपातला एक खडा वेचून फेकला.

"अन् एक दिवशी सकाळी बघते तर बांध पलीकडं सरकलेला. माझं लेकरू माझ्या रानात. आमच्या मालकांनी बी बघितलं. कुणी कुणाला बोललं न्हाई. तुझ्या अप्पांना तर कायमचंच माझ्याकडं बघायची चोरी झाली. मोजणीदार मानूस. उभ्या जन्मात त्यांनी तेवढं एकच वाकडं केलं."

"काल शरण बोलला तेव्हा सांगायचं नाही का?"

"काय सांगू? तुझ्या बापानं दगड हलवला म्हनून? दोन महिने न्हाई झाले त्यांना जाऊन." ती उठली. "ऱ्हाऊ दे नीले. जुनी हद्द धर. लेकरू तुझ्या अप्पाच्या शेजारी ऱ्हाईल. वाईट काय त्यात?"

*

शरणला तिने त्याच्या दुकानात जाऊन सांगितलं. तो ऐकत असताना पान्याने एक नट उगाच घट्ट करत राहिला.

"मला काय माहीत होतं का?" तो शेवटी म्हणाला. "मी मागतो माफी काकूची. कट्टा पश्चिमेला वाढवतो. त्या जागेला धक्का लावत न्हाई. झालं?"

"हद्द?"

"हद्द जुनी. काकूला कधीबी येऊन बसू दे की. कोण अडवतंय?"

तेच शब्द. तिला वाटलं अप्पाच बोलले, आणि मग आठवलं की अप्पा तिथे थांबले नव्हते.

"शरण, हेच अप्पापण म्हणाले होते. पुरलं नाही म्हणून तर दगड हलवला. काकू आहे तोवर ती विचारून येईल. तिच्यानंतर? रान माझ्या मुलाचं होईल. तो पुण्यात वाढलाय."

"अन् अप्पांचं काय?" त्याने पाना टाकला. "तूच केलास ना कायदा? त्यांनी अर्धा तालुका मोजलाय. सगळा पिवळा होईल. लोक काय म्हणतील, एक दगड हलवला त्यानं किती हलवले असतील. मी इथं ऱ्हातो, अक्का. तू सांगून जाशील पुण्याला. शेवटी बी तू नव्हतीस, आता बी नसशील. नाव धुवायला मी."

त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

*

सुनावणी बांधावरच होती. तौफिक, दोन पंच, पंधरा-वीस माणसं. शरण लांब, दगडांच्या ढिगाजवळ. तौफिकने यंत्राचा निष्कर्ष वाचला आणि ठरलेला प्रश्न विचारला: मूळ हद्द मान्य आहे का?

"नाही," नीलांबिका म्हणाली. "आज आहे ती हद्द कायम ठेवावी. कारण नोंदवायचं आहे."

सोनाकाकू पुढे आली. "नोंदवू नका साहेब. हिचं काय ऐकू नका. मला जुनी मान्य आहे."

"काकू, रान माझं आहे. सोडायचं मला आहे," नीलांबिका हळूच म्हणाली. मग तौफिककडे वळली आणि वर्गात सांगते तसं, घाई न करता, नोंदवता येईल अशा गतीने बोलली. "हा दगड वैजनाथ उस्तुरे, भूकरमापक, यांनी स्वतः हलवला. आपली जमीन कमी करून. या जागी केंद्रे कुटुंबाचं मूल पुरलेलं आहे. त्याच्या आईला आपल्याच रानात त्याच्याजवळ बसता यावं म्हणून. पुरावा दगडाखाली आहे."

तौफिकची बोटं पडद्यावर थांबली होती.

"मॅडम, हे एकदा चढवलं की निघत नाही."

"मला माहीत आहे."

"मुलाचं नाव लागेल."

तिने काकूकडे पाहिलं. काकूने मान हलवली. "बारसं व्हायच्या आधीच गेलं."

"नावाशिवाय लिही," नीलांबिका म्हणाली.

घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "लेकीनं बापाला उकरून काढला म्हणायचा." दोघेचौघे हसले. तिने ते ऐकलं. शरणनेही ऐकलं असावं, कारण तो ढिगाजवळून निघून गेला.

*

संध्याकाळपर्यंत नकाशा बदलला. तालुक्याचा पश्चिम भाग ठिकठिकाणी पिवळा झाला. ती जी गावं लहानपणी साखळी धरून हिंडली होती ती सगळी. एका दगडावरून अर्धा तालुका संशयात गेला. अप्पांनी शिकवलेल्याच्या बरोबर उलट.

पुढचे दिवस वाईट गेले. कुणाच्या वाटण्या अडल्या, कुणाच्या घराचा पाया. लोक शरणच्या दुकानात येऊन बोलून जात, आणि शरण तिचे फोन उचलेनासा झाला. कट्ट्याचे दगड त्याने परत पाठवले. पुण्याच्या कार्यालयात वरिष्ठांनी तिला बसवून विचारलं की त्या कलमात थोडी सवलत सुचवायची का, आता तिला अनुभव आहेच. ती म्हणाली, सुचवायची असेल तर दुसऱ्या कुणी सुचवावी. घरी येऊन तिने रजेचा अर्ज केला आणि हिंगणवाडीला परत आली.

पिवळे गट एकेक करून मोकळे करायचे होते. लेक म्हणून तिला मोजता येत नव्हतं. तौफिक मोजायचा, ती पहार घेऊन सोबत जायची. प्रत्येक दगड कलता करायचा, खाली बघायचं, सळई घालायची. दगड जागचा, कोळसा जागचा, तारीख जुळणारी. तौफिक नोंद करायचा आणि नकाशावर एक तुकडा पुन्हा पांढरा व्हायचा. रानाचा मालक बहुतेक वेळा बांधावरून बघत उभा असे आणि पाणीसुद्धा विचारत नसे. अजून कितीतरी गावं राहिली होती. कुठल्यातरी दगडाखाली काही वेगळं निघेल का, ही शंका दर वेळी पहार घालताना तिला येई. आधी कधी आली नसती.

मधल्या एका दिवशी उस्तुऱ्यांच्या रानातला तो दगड कायम करायचा होता. तिने खणून सैल केला होता, तो आता रीतसर पुन्हा बसवायचा, आहे त्याच जागी. सकाळचं ऊन तिरकं लिंबातून येत होतं. शरणला निरोप दिला होता. तो आला नाही.

सोनाकाकू आली, पदर जपून धरून.

"कोळसा लागंल ना?"

"आता नियमात नाही, काकू. आकडे असतात."

"तुझ्या अप्पाला लागला होता." तिने पदराची गाठ सोडली. "दिवेलागणीला दारात आले अन् म्हणाले, वहिनी, चुलीतला विझलेला कोळसा द्या थोडा. कशाला ते मी इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई. घरात दुसरं लेकरू नव्हतं, चुलीला दुसरं काम नव्हतं. सगळा दिला."

नीलांबिकाने ओंजळ पुढे केली. गॅस असताना काकूने आज मुद्दाम चूल पेटवली असणार. कोळसा अजून कोमट होता. तिने खड्ड्याच्या तळाशी जुन्या थरावर तो पसरला, कडेपर्यंत, तिला शिकवला होता तसा. मग बाहेर काढलेल्या मातीचा ढीग हाताने मोडून ती मोकळी केली.

तौफिकने दगडाला हात घातला.

"थांब जरा," ती म्हणाली. "माती उन्हात राहू दे."